पाय जायबंदी असताना घरच्या घरी इंजिनाची दुरुस्ती : कोणते काम घ्यावे आणि ते कसे करावे

गाडीचे बॉनेट उघडून काम करणाऱ्या माणसाचे हात सगळ्यांना दिसतात, पण त्या कामाचा बराचसा भार त्याचे पाय वाहत असतात. इंजिनावर ओणवे होऊन खोलवर हात घालायचा तर तोल पाय सांभाळतात, गच्च बसलेला बोल्ट सोडवायचा तर जोर पायांतून वर येतो, आणि वाफ उसळली, ठिणगी उडाली किंवा पंखा अचानक फिरू लागला तर माणसाला झटकन मागे नेतात तेही पायच. पायाचे हाड मोडलेले असताना किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची सोय करता येते: योग्य उंचीचे आसन तोलाचा प्रश्न सोडवते आणि लांब दांड्याचा पाना जोराचा. तिसऱ्या गोष्टीची सोय मात्र कशानेही होत नाही. कुबड्यांवर असलेला माणूस क्षणात मागे सरकू शकत नाही, म्हणून ज्या कामात मागे सरकण्याची वेळ येऊ शकते ते काम या काळात हाती घेऊच नये. पुढील सर्व सूचना याच एका विचारातून आलेल्या आहेत.

हा लेख घरी स्वतःच्या गाडीची लहानमोठी देखभाल पूर्वीपासून करत आलेल्या व्यक्तीसाठी आहे. ज्याने आजवर कधी इंजिनाचा स्पार्क प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग) काढलेला नाही किंवा बॅटरीचे टर्मिनल सोडवलेले नाही, त्याने हे काम शिकण्यासाठी दुखापतीचा काळ निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हात सरावलेला असेल तर लक्ष पायाकडे देता येते. हात नवखा असेल तर सगळे लक्ष इंजिनात अडकते आणि पाय नको तिथे टेकला जातो.

डॉक्टरांना काय विचारावे

“मी हलके काम करू शकतो का?” या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर “हो, पण जपून” असेच उत्तर देतील आणि त्यातून काहीच ठरणार नाही. प्रश्न नेमके विचारावेत. पहिला प्रश्न पायावर किती भार टाकता येईल हा. अस्थिरोगतज्ज्ञ याच्या ठरावीक पायऱ्या मानतात: अजिबात भार नाही, तोलासाठी फक्त बोटे टेकवणे, अर्धवट भार, सोसेल तितका भार आणि पूर्ण भार. अर्धवट भाराची परवानगी असेल तर तो किलोमध्ये विचारून घ्यावा आणि घरातील वजनकाट्यावर पाय ठेवून तो किती जाणवतो याचा सराव करावा, कारण अंदाजाने टाकलेला भार बहुधा ठरल्यापेक्षा जास्तच पडतो. अजिबात भार नाही किंवा फक्त बोटे टेकवणे या दोन पायऱ्यांवर असताना इंजिनाजवळचे सगळे काम बसूनच करावे; उभे राहून एका पायावर ओणवे होणे या अवस्थेत पूर्णपणे टाळावे.

दुसरा प्रश्न वाकण्याचा. खुब्याचा सांधा बदललेल्या अनेक रुग्णांना सुरुवातीचे काही आठवडे कमरेतून ९० अंशांपेक्षा जास्त वाकण्यास आणि पाय आत वळवण्यास मनाई असते. इंजिनावर झुकताना नेमक्या याच दोन हालचाली होतात, त्यामुळे अशा रुग्णांनी ही मनाई उठेपर्यंत बॉनेटखालचे काम दुसऱ्याकडे द्यावे. तिसरा प्रश्न औषधांचा. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे दिलेली असतात. एरवी इंजिनावर काम करताना बोटांच्या पेरांना खरचटणे ही किरकोळ बाब असते, पण ही औषधे चालू असताना तीच जखम बराच वेळ वाहत राहते. म्हणून जाड नायट्राइल हातमोजे आणि हाताशी स्वच्छ पट्टी या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. गुंगी आणणारी वेदनाशामके घेतली असतील तर त्यांचा अंमल असेपर्यंत अवजाराला हात लावू नये.

दोन अवस्थांमध्ये मात्र प्रश्न विचारण्याचीही गरज नाही, काम पुढेच ढकलावे. पायाबाहेरून सळया बसवलेली चौकट असेल किंवा शस्त्रक्रियेची जखम अजून कोरडी झालेली नसेल, तर जुने तेल, धूळ आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांच्या आसपास बसणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे. प्लास्टर असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावे की पेट्रोल किंवा साफसफाईचे द्रावण प्लास्टरच्या आतील कापसात झिरपले तर ते धुता येत नाही. ते त्वचेला चिकटून राहते आणि तिला भाजल्यासारखी इजा करते. कामापुरते प्लास्टरवर प्लास्टिकचे आवरण आणि त्यावर जाड कापड असावे. काम संपताच ते काढावे, नाहीतर आत घाम साचून प्लास्टर ओले होते.

कोणते काम घ्यावे, कोणते ठेवून द्यावे

कामांची निवड करताना ते किती कठीण आहे यापेक्षा ते कुठून करावे लागते आणि अर्धवट सोडता येते का, हे दोन निकष लावावेत. इंजिनाच्या वरच्या बाजूने पोहोचता येणारी, थंड इंजिनावर करता येणारी आणि कोणत्याही टप्प्यावर थांबवता येणारी कामे या काळात योग्य आहेत. एअर फिल्टर बदलणे, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग) तपासणे, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे, हवेच्या प्रवाहाचा सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा भाग) स्वच्छ करणे, फ्यूज आणि रिले तपासणे, तडे गेलेला व्हॅक्यूमचा पाइप बदलणे ही कामे या वर्गात येतात. काढलेला भाग मांडीवर किंवा टेबलावर घेऊन साफ करता येत असेल तर ते काम सर्वांत उत्तम, कारण मग पाय वर ठेवून निवांत काम करता येते.

गाडी जॅकवर उचलावी लागेल असे कोणतेही काम घेऊ नये. गाडीखाली शिरणे दूरच, चाक काढण्यापुरते उचलणेही नको, कारण जॅक लावणे, स्टँड सरकवणे आणि गरज पडल्यास तिथून दूर होणे या तिन्ही गोष्टींना दोन्ही पाय लागतात. बेल्ट बदलणे सोपे वाटते, पण ज्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते त्यांतील अनेकांत बेल्टपर्यंत पोहोचण्याचा मार्ग चाकाच्या बाजूने असतो. शिवाय ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग जोरदार असते आणि पाना निसटला तर बसलेल्या माणसाचा तोल जातो. टायमिंग बेल्ट, क्लच, सिलिंडर हेड ही कामे तर अर्ध्यावर सोडताच येत नाहीत. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांना सुदृढ माणसानेही प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये.

गरम इंजिनाशी निगडित कामेही याच यादीत जातात. कूलंट आत दाबाखाली असते, त्यामुळे ते नेहमीच्या उत्कलनबिंदूच्या वर तापूनही द्रवरूप राहते. टोपण उघडताच दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन ते उसळते. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि छाती अशा वेळी नेमकी टोपणाच्या समोर येते. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय, म्हणजे शक्यतो रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर सकाळीच, कूलंटच्या टोपणाला हात लावावा.

जागा, आसन आणि अवजारांची मांडणी

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण दुखापतीच्या काळातील इंजिनाचे काम बिघडते ते बहुतेक वेळा मांडणीत. गाडी सपाट, कोरड्या आणि पक्क्या जमिनीवर दुसऱ्या कोणाकडून आणून उभी करून घ्यावी. हँडब्रेक ओढलेला असावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावलेला असावा. बॉनेटच्या तिन्ही बाजूंना कुबड्या किंवा वॉकर घेऊन फिरता येईल इतकी मोकळी जागा हवी. भिंतीला खेटून उभी केलेली गाडी या कामासाठी निरुपयोगी आहे. जमिनीवर कोणतीही वायर, नळी किंवा अवजार नसावे. तेलाचा एक थेंब कुबडीच्या रबरी टोकाखाली आला तर कुबडी क्षणात निसटते, म्हणून कोरडा लाकडाचा भुसा किंवा शोषून घेणारी फडकी जवळ ठेवावीत आणि सांडलेले लगेच टिपावे, काम संपल्यावर टिपू असे म्हणू नये. कूलंटबाबत तर अधिकच जपावे: ते निसरडे असते, चवीला गोडसर असते आणि लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना विषारी असते.

आसन चाकांचे नसावे. गॅरेजमधील चाकाची बैठक सोयीची वाटते, पण पाना ओढताच ती मागे पळते आणि तिला थांबवायला आपल्याकडे पाय नाही. चार भक्कम पायांचे, पाठ असलेले, सुमारे ६० ते ७० सेंटीमीटर उंचीचे स्टूल बहुतेक मोटारींसाठी ठीक बसते. बसल्यावर कोपर मडगार्डच्या कडेच्या थोडे वर यावे ही त्याची खूण. त्यावर बसताना सुदृढ पाय गाडीच्या बाजूला आणि दुखरा पाय बाहेरच्या बाजूला येईल अशी बाजू निवडावी आणि दुखरा पाय दुसऱ्या स्टुलावर उशी ठेवून आधाराने टेकवावा. अशा तिरक्या बसण्यात पाठीला पीळ पडतो, म्हणून अधूनमधून आसनच सरकवून घ्यावे. धड वळवून हात लांबवण्याचा मोह टाळावा. समोरच्या बंपरच्या बाजूने बसल्यास गुडघा बंपरवर आपटतो, तेव्हा ती जागा फक्त वाकवता न येणारा पाय बाजूला मोकळा सोडता येत असेल तरच घ्यावी.

कुबड्या जमिनीवर आडव्या ठेवू नयेत. हात लांबवला की मिळतील अशा ठिकाणी, भक्कम आधाराला अडकवून ठेवाव्यात. बॉनेटच्या आधाराच्या दांडीला त्या कधीही टेकवू नयेत, कारण उठताना धक्का लागून दांडी सरकली तर बॉनेट डोक्यावर येते. कुबड्या घेतल्यावर दोन्ही हात गुंततात, त्यामुळे काहीही वाहून नेण्यासाठी खिसे असलेला अॅप्रन किंवा पाठीवरची पिशवी वापरावी. गाडीची बॅटरी साधारण १२ ते १८ किलोची असते. ती उचलण्याचे काम निरपवादपणे मदतनिसाचे.

अवजारांमध्ये नेहमीच्या सॉकेट संचाखेरीज काही गोष्टी या काळात विशेष उपयोगी पडतात: लांब दांड्याचा रॅचेट, वेगवेगळ्या लांबीचे एक्स्टेंशन, पडलेला नट उचलण्यासाठी लांबणारी चुंबकीय कांडी, कोनातून पाहण्यासाठी आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा. बोल्ट पडला तर खाली वाकून शोधणे शक्य नसते, म्हणून चुंबकीय ताटली मडगार्डवर ठेवून प्रत्येक नट सुटताच तिच्यात टाकावा. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर, पण इंजिनापासून दूर असावा. मोबाइल फोन बाकावर ठेवलेला चालणार नाही. पडलात तर तो खिशातच हवा.

मदतनीस शेजारी बसून राहावा अशी अपेक्षा नाही, पण हाकेच्या अंतरावर कोणीतरी असले पाहिजे. गाडी सुरू करून पाहण्याचे काम तर त्याच्याशिवाय होतच नाही. अनेक मॅन्युअल गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत आणि बटणाने सुरू होणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना ब्रेक दाबावा लागतो. दुखरा पाय डावा असो वा उजवा, पेडलवर तो ठेवायचा नाही. एक शिस्त दोघांनी पाळावी: बॉनेटखाली हात असताना गाडीची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहील. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली नुसती गाडीजवळ असली तरी गाडी सुरू होऊ शकते, म्हणून ती घरात दूर ठेवावी.

बसल्या जागी निदान

पाय जायबंदी असताना नुसते उघडून पाहू ही पद्धत परवडत नाही. प्रत्येक वेळी बसणे, उठणे आणि पाय उतरवणे यात शक्ती जाते, म्हणून निम्मे काम खुर्चीत बसून, पाय वर ठेवून उरकावे. डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या सॉकेटमध्ये मदतनिसाला ब्लूटूथचा स्कॅनर लावायला सांगितले तर गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषसंकेत फोनवर वाचता येतात. पी०३०० हा संकेत कोणत्याही सिलिंडरमध्ये अनियमितपणे होणारा मिसफायर (इंधन नीट न पेटणे) दाखवतो, पी०३०१ ते पी०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधील मिसफायर दाखवतात आणि पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त जात आहे. संकेत हा आजाराचे लक्षण सांगतो, निदान नव्हे. पी०१७१ पाहून थेट सेन्सर मागवण्याऐवजी आधी हवेच्या नळ्यांना तडे गेले आहेत का ते पाहावे.

बॅटरीची चाचणी मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. गाडी काही तास बंद राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या आसपास ती अंदाजे तीन चतुर्थांश भरलेली असते आणि १२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ रिकामी असते. मदतनिसाने इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.५ ते १४.७ च्या दरम्यान जातो; तो वर चढत नसेल तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारे जनित्र) किंवा त्याचा बेल्ट पाहावा लागेल आणि ते काम गॅरेजचे. आजच्या काही गाड्यांत संगणकच चार्जिंग कमीजास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर निर्णय देऊ नये.

इंजिन चालू असतानाची प्रत्येक तपासणी मोकळ्या हवेत करावी, बंद गॅरेजमध्ये नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गुंगी येऊ लागल्यावर कुबड्या घेऊन बाहेर पडण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. इंजिन चालू असताना आपण बॉनेटपासून दोन मीटर दूर बसून ऐकावे, मल्टिमीटर मदतनिसाने धरावा. इंजिन बंद केल्यावरही विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा काही मिनिटांनी आपोआप फिरू शकतो, त्यामुळे इंजिन बंद आहे म्हणजे पंखाही बंद राहील असे गृहीत धरू नये.

एक काम सविस्तर : स्पार्क प्लग आणि कॉइल

समजा, स्कॅनरने पी०३०२ दाखवला आहे आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेले चार सिलिंडरचे इंजिन आहे. हे काम दोन बैठकांत विभागावे. पहिल्या बैठकीत फक्त कॉइलची अदलाबदल करायची. थंड इंजिनावर बॅटरीचे ऋण टर्मिनल प्रथम सोडवून बाजूला बांधून ठेवावे. ही पायरी इतर वेळी अनेकजण वगळतात, पण इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचा झटका देऊ शकते आणि त्या झटक्याने अंग दचकते. स्टुलावर तिरके बसलेल्या, एक पाय वर असलेल्या माणसाला ते दचकणेच पाडू शकते. वरचे प्लास्टिकचे आवरण काढून त्याचा आणि तारांच्या मांडणीचा फोटो घ्यावा. दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचा कनेक्टर खटका दाबून, तार न ओढता, काढावा. बोल्ट सोडवून कॉइल किंचित फिरवत सरळ वर घ्यावी आणि ती तिसऱ्या सिलिंडरवर, तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी. सगळे जोडून, टर्मिनल लावून मदतनिसाकडून जुना संकेत पुसून इंजिन सुरू करून घ्यावे. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल बिघडली आहे. पुन्हा पी०३०२ च आला तर प्लग, इंजेक्टर किंवा त्या सिलिंडरचा दाब यांकडे वळावे. यानंतर काम तिथेच थांबवून पाय वर घेऊन आडवे व्हावे.

प्लग काढण्याची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर ठेवावी. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याची शक्यता वाढते. कॉइल काढल्यावर प्लगच्या खोबणीत साचलेली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवावी आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. प्लगचे सॉकेट एक्स्टेंशनला लावून सरळ उभे बसवावे. आता जोर लावण्याचा प्रश्न येतो आणि इथेच बहुतेकजण सवयीने उठून उभे राहतात. तसे करू नये. एक हात सॉकेटच्या डोक्यावर ठेवून ते सरळ धरावे आणि दुसऱ्या हाताने दांडा स्वतःकडे, पण छातीवर न येता तिच्या शेजारून जाईल असा ओढावा. दूर ढकलताना बोल्ट अचानक सुटला तर माणूस इंजिनावर कोसळतो. स्वतःकडे ओढताना तो सुटला तर पाठ खुर्चीच्या पाठीवर टेकते, म्हणूनच पाठ असलेले आसन सांगितले. प्लग हलतच नसेल तर आट्यांभोवती गंज सैल करणारे तेल टाकून काही तास, गरज पडल्यास रात्रभर, वाट पाहावी. एक चतुर्थांश फेरा सुटून पुन्हा अडकला तर परत थोडा आवळावा, पुन्हा सोडवावा. एवढ्यानेही न सुटणारा प्लग या काळात तुमचा नाही, तो गॅरेजचा आहे.

निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवून टेबलावर बसून निरखावेत. फिकट तपकिरी किंवा करडे टोक निरोगी ज्वलन सांगते, कोरडी काळी काजळी जास्त इंधनाची खूण असते, ओलसर काळा थर तेल आत येत असल्याचे सुचवतो आणि पांढरेफटक, फोड आलेले टोक अतिउष्णतेचे लक्षण असते. नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा आणि त्याच्या ठिणगी पडणाऱ्या दोन टोकांमधील अंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पडताळावे. बहुतेक गाड्यांत ते ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण नेमका आकडा पुस्तिकेचाच मानावा. इरिडियमच्या प्लगचे टोक नाजूक असते, त्यावर गेज दाबून फिरवू नये.

बसवताना प्लग खोबणीत टाकून देऊ नये, अंतर बिघडते. रबरी नळीचा एक तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवून त्यानेच पहिले काही फेरे बोटांनी फिरवावेत. आटे वाकडे धरले तर नळी घसरते आणि हेडमधील आटे वाचतात. पुढचे आवळणे टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) करावे. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०. तिरक्या बसण्यामुळे जोराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून एरवी हाताच्या अंदाजावर विसंबणाऱ्यांनीही या वेळी टॉर्क पाना वापरावा. कॉइल बसवून, कनेक्टरचा खटका ऐकून, सर्वांत शेवटी बॅटरीचे ऋण टर्मिनल जोडावे.

इतर कामांबद्दल थोडक्यात

हवेच्या प्रवाहाचा सेन्सर दोन स्क्रू काढून मांडीवर घेता येतो. त्याच्यासाठी बनवलेल्या फवाऱ्यानेच तो स्वच्छ करावा, आतील बारीक तारेला बोट, कापूस काहीही लावू नये आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. थ्रॉटल बॉडी जागेवरच साफ करायची तर इग्निशन बंद असताना फडक्यावर द्रावण घेऊन पुसावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये. साफसफाईनंतर काही गाड्यांत इंजिनाचा मंद वेग काही काळ वरखाली होतो आणि पुस्तिकेत दिलेली पुनर्जुळणीची पद्धत करावी लागते. ही द्रावणे ज्वलनशील असतात आणि त्यांच्या वासाने भोवळ येऊ शकते, म्हणून वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून बसावे.

इंजिन ऑइल बदलायचेच असेल तर गाडीखाली न जाता ते डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून काढता येते. त्यासाठी ऑइल कोमट असावे, तापलेले नको. किती लिटर निघाले ते मोजून पुस्तिकेतील आकड्याशी ताडावे, कारण तळाशी उरलेल्या ऑइलवर नवे पूर्ण माप ओतले तर पातळी वाढते आणि तेही इंजिनाला घातक असते. ऑइल फिल्टर वरून काढता येत असेल तरच हा मार्ग पूर्ण होतो. तो खाली असेल तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबावे. नवे ऑइल पाच लिटरच्या डब्याऐवजी एकेक लिटरच्या बाटल्यांत घ्यावे, एका हाताने तोल न जाता ओतता येते. जुने ऑइल उचलून योग्य ठिकाणी जमा करणे मदतनिसाकडे.

काम कधी थांबवावे

एक बैठक ३० ते ४० मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि घड्याळ लावूनच बसावे, कारण कामात रमलेल्या माणसाला पायाची सूज कळत नाही. प्रत्येक बैठकीनंतर आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा; स्टुलावर टेकवलेला पाय वर घेतलेला धरला जात नाही. बसलेले असतानाही मोकळी असतील ती पायाची बोटे आणि परवानगी असल्यास घोटा हलवत राहावे. बोटांचा रंग आणि ऊब दर बैठकीत पाहावी. प्लास्टर घट्ट वाटू लागले, बोटे बधिर किंवा निळसर झाली, अथवा औषधानेही न शमणारी वेदना वाढत गेली तर काम सोडून तातडीने रुग्णालय गाठावे. पोटरीत नवे दुखणे, एकाच पायाला सूज आणि गरमपणा ही गुठळीची लक्षणे असू शकतात, आणि त्यांच्यासोबत किंवा त्यांच्याशिवाय अचानक धाप लागली वा छातीत दुखू लागले तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

अशा वेळी इंजिन उघडे पडलेले असेल या विचाराने माणूस दहा मिनिटे जास्त थांबतो, आणि ती दहा मिनिटे महागात पडू शकतात. म्हणून प्रत्येक टप्पा असा आखावा की तो मधेच सोडला तरी काही बिघडणार नाही: एका वेळी एकच प्लग काढावा, उघड्या छिद्रात स्वच्छ फडके खोचावे आणि अर्धवट काम पाहून कोणी गाडी सुरू करू नये म्हणून स्टिअरिंगवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी.

चाचणी आणि पुढची कामे

दुरुस्तीनंतरची चाचणी दुसऱ्याने गाडी चालवून करावी आणि आपण मागच्या आसनावर पाय लांब ठेवता येत असेल आणि सीटबेल्ट नीट लागत असेल तरच सोबत बसावे. नाहीतर स्कॅनर फोनला जोडून तो चालवणाऱ्याकडे द्यावा आणि परत आल्यावर नोंदी पाहाव्यात. स्वतः गाडी चालवण्याचा निर्णय दुखणे थांबले यावरून घेऊ नये. प्लास्टर निघाल्यानंतरही उजव्या पायाला ब्रेक पूर्वीइतक्या वेगाने दाबता येण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे डॉक्टरांची स्पष्ट परवानगी आणि विम्याची अट या दोन्ही पाहूनच चालकाच्या जागी बसावे.

पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर लांबणीवर टाकलेली कामे एकदम अंगावर घेऊ नयेत. आधी उभे राहून करायची वरची कामे, मग चाक काढण्याची आणि सर्वांत शेवटी गाडीखालची, असा क्रम ठेवावा. गाडीखाली जाण्यापूर्वी जमिनीवर आडवे होणे आणि आधाराशिवाय उठून उभे राहणे फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहावे. ते दोन्ही बाजूंनी वेदनेविना जमू लागले की मगच जॅक आणि स्टँड बाहेर काढावेत.